ताप नाही, खोकला नाही, पण रात्री श्वास पुरत नाही

2020 च्या मे महिन्यात शिंदखेडा तालुक्यातून आलेला फोन. "ताई, आमचे हे सुरतहून आले. ताप नाही, खोकला नाही. पण रात्री दोनला ताडकन उठून बसतात, श्वास पुरत नाही म्हणतात. करोनाच आहे ना हा?"

नवरा पस्तिशीचा, सुरतच्या लिंबायत भागात राहून लूमवर (यंत्रमागावर) काम करणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मजुरी मीटरवर, त्यामुळे लॉकडाऊनमध्ये लूम थांबले तशी कमाईही थांबली. सुरत-भुसावळ ताप्ती लाईनच्या रेल्वेगाड्या बंद. नवापूरमार्गे थोडं पायी, थोडं ट्रकमध्ये बसून तो गावी पोचला, शाळेत 14 दिवस काढले आणि घरी आल्यावर हे सुरू झालं. साथीच्या काळात परतलेल्या अनेक घरांत हीच तक्रार होती, म्हणून हे उदाहरण.

"मनाचं आहे" असं म्हणून सुरुवात करायची नाही. आधी शरीर तपासायचं. आशाताईंच्या ऑक्सिमीटरवर याने 89 वाचलं होतं, आणि त्या आकड्याने घर हादरलं होतं. बोट घातल्याबरोबर दिसणारा पहिला आकडा धरायचा नसतो. थंड बोट, मेंदी, नेलपॉलिश, हलणारा हात, यांनीही आकडा चुकतो. पाच मिनिटं शांत बसावं, हात चोळून गरम करावा, मधलं बोट घालून आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावं. तसं केल्यावर 97 आलं. मग अंगणात सहा मिनिटं चालायला लावलं. चालल्यावर आकडा 94 च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त घसरला, तर डॉक्टरकडे जायचं. याचा हलला नाही. एक सांगून ठेवलेलं बरं: सावळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतं. ओठ निळसर दिसले किंवा एक वाक्य एका दमात बोलता येईना, तर यंत्र काहीही म्हणो, 108 ला फोन करावा.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर थुंकी तपासावी, कारण करोनाच्या गडबडीत टीबी मागे पडतो. परगावी टीबीच्या गोळ्या सुरू असतील तर त्या मध्येच थांबवायच्या नाहीत. निक्षय क्रमांक (टीबीच्या रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) सांगितला की गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात उपचार पुढे चालू राहतात.

दारूचंही विचारावं, गुजरातेत दारूबंदी असली तरी. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, आकडीही येऊ शकते. त्याला समुपदेशन नको, दवाखाना हवा. हा गडी पीत नव्हता. तंबाखू मात्र रात्री उठल्या उठल्या मळायचा.

मग त्याच्याशी बोलणं झालं. "छाती धडधड करस, ताई," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणे. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात का, असं विचारल्यावर चमकला. येत होत्या. हा भीतीचा झटका. घाबरून श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या येतात, चक्कर येते, छाती आवळते. माणसाला वाटतं हवाच कमी पडतेय, म्हणून तो आणखी जोरात ओढतो. साधारण दहा मिनिटांत झटका शिगेला पोचतो आणि मग उतरू लागतो. अशा वेळी "मोठा श्वास घे" हा सल्ला उलटा पडतो. नाकाने चार मोजत आत, तोंडाचा चंबू करून सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. ही सवय दिवसा, धडधड नसताना दोनदा करायची. पहिल्यांदाच रात्री दोनला करू गेलं की जमत नाही, आणि "काही उपयोग नाही" म्हणून माणूस सोडून देतो.

ऑक्सिमीटर बायकोने डब्यात ठेवावा, सकाळ-संध्याकाळ एकेकदाच काढावा. सतत बोट घालून बसलं की धीर येत नाही, भीतीच वाढते.

झोपेचं कारण वेगळं होतं. लूमवर बारा तासांची पाळी, पाळीपाळीने रात्र. गावी येऊन तो दुपारभर कडुलिंबाखाली झोपे आणि रात्री डोळे टक्क. उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. रात्र कशीही गेली तरी सकाळी सहाला उठायचं, अर्धा तास उन्हात. दुपारी फार तर वीस-तीस मिनिटं आडवं व्हायचं. दुपारी दोननंतर चहा नाही, झोपेआधी दोन तास तंबाखू नाही, मध्यरात्री तर नाहीच. जाग आली तर अंथरुणात तळमळत न पडता ओसरीवर बसायचं. लूमच्या खडखडाटाला सरावलेल्या कानांना गावची शांतता टोचते. पंखा चालू ठेवल्याने त्याला बरं वाटलं. घडी बसायला एक-दोन आठवडे लागतात.

एवढं करूनही झटके पूर्ण थांबले नाहीत, कारण दिवसा घाव बसतच होते. गिरणीवाल्याने दळण घेतलं नाही, बायको डबा तसाच घेऊन परतली. तिने गावाशी भांडण मांडलं, ते वायाच गेलं. आशाताई आणि पोलीसपाटील दोघे मिळून विलगीकरण संपल्याचा कागद घेऊन गिरणीवर गेले, तेव्हा दळण झालं. गावाचा विश्वास असलेला एक माणूस चारचौघांत जवळ येऊन बसला की बाकीचे हळूहळू येतात.

आणखी एक प्रश्न सरळ विचारायचा असतो: जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. कपाशीच्या घरात फवारणीचं औषध हाताशी असतं, ते कुलूपबंद करून किल्ली भावाकडे द्यायला सांगितलं. आज अशा वेळी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

शेवटचा प्रश्न बायकोचा: "परत जाऊ देऊ का?" खोलीचं भाडं थकलेलं, शेठची उचल अंगावर, त्यामुळे नुसतं "नको" म्हणून भागणार नव्हतं. झटका आलाच नाही पाहिजे ही अट घालू नये. आलेला झटका ऑक्सिमीटर न लावता स्वतः उतरवता येतो का, हे पाहावं. रेशनकार्डाला सगळ्यांचे आधार जोडून घ्यावेत, म्हणजे गावच्या कार्डावर सुरतेतही धान्य उचलता येतं. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये ही सोय 2019 पासून आहे. आणि पहिला महिना दिवसपाळी मिळेल का, हे शेठला निघण्याआधीच फोनवर विचारावं. तिथे पोचल्यावर विचारलं तर जी पाळी रिकामी असेल ती गळ्यात पडते.