वाचकांचे प्रश्न : बॅक फुटगन का जमत नाही?

या वेळचे सगळे प्रश्न इनलाइन स्लॅलममधल्या, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केटवर रांगेत ठेवलेल्या छोट्या शंकूंमधून (कोन) जाण्याच्या खेळातल्या, बॅक फुटगन या एकाच ट्रिकचे आहेत. एका स्केटवर पूर्ण खाली बसायचं, दुसरा पाय समोर सरळ धरायचा आणि तसंच उलटं जात कोनांमधून वळणं घ्यायची.

प्रश्न : बॅक वन फूट (एका पायावर उलटं जाणं) मला उभ्याने कोनांतून जमतं. फुटगनसाठी अर्ध्यावर बसेपर्यंतही ठीक असतं. त्याखाली गेलं की दर वेळी मागे आपटतो. कोच म्हणतात, बॅलन्स कमी पडतोय. (ठाणे)

उभ्याने एका पायावर उलटं जाता येत असेल, तर तोलाचा प्रश्न नाही. बहुतेक वेळा अडतो तो घोटा.

पूर्ण बसल्यावर कंबर टाचेच्या मागे जाते. वजन पुन्हा पावलाच्या मध्यावर आणायचं तर गुडघा बोटांच्या बराच पुढे यावा लागतो, म्हणजे नडगी पुढे झुकावी लागते. ती झुकली नाही की सगळं वजन टाचेखालच्या चाकावर येतं. उलटं जाताना तेच चाक सगळ्यांत पुढे असतं. चाकांचा वेग घर्षणाने कमी होतो, अंग मात्र त्याच वेगाने जात राहतं, आणि तुम्ही माकडहाडावर बसता. म्हणून पॅड असलेली शॉर्ट घातल्याशिवाय हा सराव करूच नका. हेल्मेट आणि रिस्ट गार्ड तर हवेतच.

आधी घोटा तपासा. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा, अंगठा भिंतीपासून 10 सेंमी लांब ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का बघा. टेकत नसेल तर पोटरीचा खालचा स्नायू आखडलेला आहे. त्याचा ताण गुडघा वाकवूनच द्यावा लागतो. पाय सरळ ठेवून दिलेला नेहमीचा ताण मुख्यतः वरच्या स्नायूला मिळतो आणि इथे फारसा उपयोगी पडत नाही. सरावानंतर अंग गरम असताना प्रत्येक पायाला 30 सेकंद, तीन वेळा. शिवाय रोज मिनिटभर टाचा टेकवून उकिडवं बसा, सुरुवातीला खांबाला धरून. फरक दिसायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत सोडून देऊ नका.

भिंतीशी गुडघा सहज टेकतो, पण स्केट घालून बसता येत नाही? मग दोष बुटाच्या कफचा, म्हणजे घोट्याच्या वरच्या कडक भागाचा. वरचं बकल एक-दोन दात सैल करा, लेस सगळ्यांत वरच्या भोकातून काढा. मात्र घोट्यावरून तिरका जाणारा पट्टा घट्टच ठेवा. टाच बुटात जागेवर तोच धरतो, आणि तो सैल झाला तर वळताना स्केट पायाखाली डगमगतो.

आता कोन न लावता, चालण्याच्या वेगाने सुरुवात करा. दोन्ही पायांवर उलटं जात मांड्या पोटऱ्यांना टेकेपर्यंत बसा, हात गुडघ्यांच्या उंचीवर समोर. मग वजन एका पायावर घ्या आणि दुसरा पाय चाकं जमिनीवरून घसरवतच पुढे लांबवा. उलटं जाताना हा पाय तुमच्या मागून ओढला जातो, त्यामुळे टेकला तरी अडकत नाही. पुढे जाताना तोच पाय टेकला तर तोंडावर पडायला होतं. या बाबतीत उलटी ट्रिक सोपी आहे, हे लक्षात आलं की भीती बरीच कमी होते. लांबवलेला पाय वजनही पुढे आणतो, तेव्हा तो अर्धवट वाकवून ठेवू नका. शेवटी तो चार बोटं उचला आणि तीन सेकंद धरा. उठताना दोन्ही पाय टेकवूनच उठा. एका पायावर उठणं फार नंतरचं.

प्रश्न : मला पूर्ण स्प्लिट येतो, तरी समोरचा पाय वर राहत नाही. मांडीत वांब येतात. (पुणे)

स्प्लिटमध्ये जमीन आणि शरीराचं वजन पाय ताणतात. इथे पाय स्वतःच्या ताकदीने उचलून धरायचा असतो, तोही मांडी पोटाशी आलेली असताना. त्या स्थितीत मांडीचा पुढचा स्नायू आखूड झालेला असतो, म्हणून वांब येतात. जमिनीवर पाय पसरून बसा, तळहात गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना टेकवा आणि एकेक पाय सरळ ठेवून उचला. 10 वेळा, तीन फेऱ्या. हात जितके पुढे टेकवाल तितकं अवघड. पाठ मागे कलली तर व्यायाम फुकट गेला. तोवर ट्रिकमध्ये त्या पायाचा बूट त्याच बाजूच्या हाताने धरायला हरकत नाही.

प्रश्न : सरळ जाताना जमतं. 80 सेंमी अंतराने कोन लावलेल्या रांगेत दुसऱ्या-तिसऱ्या कोनाला वेग संपतो आणि कोन उडतात. (नाशिक)

उभं असताना गुडघा वाकवून-सरळ करून वेग मिळवता येतो, बसल्यावर ती सोय जवळजवळ राहत नाही. लागणारा वेग रांगेत शिरण्याआधीच घ्या आणि पहिल्या कोनाच्या दोन-तीन मीटर आधी पूर्ण बसलेले असा. कोनाजवळ येऊन बसायला गेलात की पहिलं वळण चुकतंच. 80 ऐवजी 120 सेंमीची रांग लावा, तीही चार-पाच कोनांचीच.

कोन उडतात ते बहुतेक समोर धरलेल्या पायाने. स्केट कोनाला वळसा घालून जातो आणि मागून येणारा पाय त्याच कोनावरून झाडू मारतो. मागे बघताना खांदे पूर्ण फिरवले की कंबर फिरते, पाठोपाठ तो पायही. मान वळवा, छाती शक्य तितकी समोरच्या पायाकडे ठेवा आणि नजर दोन कोन पुढे असू द्या. वळण कंबरेखालून, लहान घ्या. पाय कोनाच्या उंचीपेक्षा, म्हणजे साधारण आठ सेंमीपेक्षा वर राहिला तर चूकही खपून जाते.

प्रश्न : मुलीच्या स्केटची चारही चाकं सारख्या मापाची आहेत. बदलावी लागतील का? (सांगली)

सरळ रेषेत बसायला शिकण्यासाठी नाही, उलट सारख्या मापाच्या चाकांवर स्केट मागे-पुढे डुलत नाही. कोनांसाठी मात्र रॉकर (मधली दोन चाकं थोडी मोठी) हवाच: टोकांना 76 मिमी, मध्ये 80. रॉकर लावल्यावर पहिले काही दिवस पुन्हा कोनांशिवाय बसायला सांगा, कारण वजन आता मधल्या दोन चाकांवर तोलायचं असतं. 80ची चाकं फ्रेममध्ये बसतात का, ते विकत घेण्याआधी तपासा.

प्रश्न : मुलगा 12 वर्षांचा आहे. महिनाभर रोज हीच ट्रिक करतो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं आणि थोडा उंचवटा आलाय. (कोल्हापूर)

बसायच्या सगळ्या ट्रिक लगेच थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढत्या वयात वाटीखालचा स्नायुबंध नडगीच्या हाडाला जिथे जोडलेला असतो, तिथे वारंवार ओढ बसून असं दुखणं येतं. एका पायावर पूर्ण बसण्याने ती ओढ खूप वाढते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही सलग दोन दिवस हा सराव नको, आणि एका दिवशी एका पायावर दहा-बारापेक्षा जास्त वेळा बसू देऊ नका.