गेटवर युनियन उभी आहे, भांडण इलेक्ट्रिशियनशी आणि काम बंद माझं, काय करू?

नमस्कार ताई,

तुमची मेल दोनदा वाचली. म्हणजे न्यू जर्सीत तुमच्या डेंटल क्लिनिकची नवी बिल्डिंग चाललीय, जनरल कॉन्ट्रॅक्टरने वायरिंगचं काम एका नॉन-युनियन (ज्याचे कामगार युनियनमध्ये नाहीत अशा) सबकॉन्ट्रॅक्टरला दिलं, आता युनियनची माणसं पाट्या घेऊन साइटच्या गेटवर उभी असतात म्हणून प्लंबर आणि ड्रायवॉलवाले आत पाय ठेवत नाहीत, टाइल्सचा ट्रक परत गेला, आणि वर जुन्या क्लिनिकच्या दारात भलामोठा फुगवलेला उंदीर ठेवून पेशंटना पत्रकं वाटतायत. तुम्ही विचारलंय पोलीस बोलावू का, की सरळ त्या इलेक्ट्रिशियनलाच घालवून टाकू.

पोलिसांचं आधी सांगतो, कोणी रस्ता अडवत नसेल, धमकावत नसेल आणि पब्लिक फुटपाथवर उभं असेल तर ते येऊन बघून परत जातील. उंदराचं पण तेच. त्याला तिथले लोक स्कॅबी म्हणतात आणि 2021 मध्ये लेबर बोर्डाने, म्हणजे युनियन-मालक वाद बघणाऱ्या फेडरल संस्थेने, एनएलआरबीने, तो चालतो असंच ठरवलंय. पत्रकांचा प्रश्न तर 1988 मध्येच सुप्रीम कोर्टात फ्लोरिडातल्या एका मॉलच्या केसमध्ये मिटला, शांतपणे पत्रक वाटणं हे समजावणं झालं, जबरदस्ती नाही. पेशंटना चिडचिड होते हे मला कळतं पण त्याच्यावर वकिलाची फी घालवू नका.

खरा मुद्दा साइटच्या गेटचा आहे आणि तिथे तुमची बाजू बरी आहे. 1947 च्या टाफ्ट-हार्टली कायद्यापासून नियम असा की युनियनचं ज्याच्याशी भांडण त्याच्यावर तिने हवा तेवढा दबाव आणावा, पण त्याच्याशी धंदा तोडायला लावण्यासाठी तिसऱ्याच माणसाला कोंडीत पकडायचं नाही, यालाच सेकंडरी बॉयकॉट म्हणतात. तुम्ही म्हणाल सगळे एकाच साइटवर काम करतात मग तिसरा कोण? हाच वाद 1951 मध्ये डेन्व्हरच्या केसमध्ये झाला, तिथेही नॉन-युनियन इलेक्ट्रिशियनच होता, पाटीवर त्याचं नाव न लिहिता हे कामच अनफेअर आहे असं लिहिलेलं, आणि कोर्ट म्हणालं जनरल कॉन्ट्रॅक्टर आणि सब हे दोन वेगळे मालक, सबला काढायला लावण्यासाठी अख्खं काम बंद पाडणं बेकायदा. त्यामुळे तुमच्या गेटवरच्या पाटीवर नक्की काय लिहिलंय ते मला शब्दन् शब्द कळवा.

अर्थात सब त्याच साइटवर काम करतो म्हटल्यावर युनियनला तिथे उभंच राहता येत नाही असं नाही. बोर्ड 1950 च्या मूर ड्राय डॉक केसपासून चार गोष्टी बघतं: सब साइटवर असतानाच पिकेट (पाट्या घेऊन उभं राहणं) हवा, सबचं नेहमीचं काम तिथे चालू हवं, उभं राहायचं ते त्याच्या कामाच्या जवळपास, आणि पाटीवर भांडण त्याच्याशीच आहे हे स्पष्ट हवं.

म्हणून दोन गेट करा, युनियनने सबच्याच गेटपाशी उभं राहावं यासाठी. म्हणजे तुम्ही नाही, जनरल कॉन्ट्रॅक्टरने करायचे. एक फक्त इलेक्ट्रिकच्या सबसाठी, त्याच्या माणसांसाठी आणि त्याच्या मालासाठी, दुसरं बाकी सगळ्यांसाठी, दोन्हींवर नावानिशी मोठ्या पाट्या, आणि युनियनला लेखी कळवायचं. सोबत सब कुठल्या दिवशी किती ते किती असणार ते वेळापत्रकही द्या, कारण तुम्ही लिहिलंय की मागच्या आठवड्यात तो चार दिवस आलाच नाही तरी पिकेट चालूच होता, पण नुसतं तेवढ्यावर भागेल असं नाही, त्याचा माल आणि शिडी तिथेच पडलेली असेल तर युनियन म्हणेल आम्हाला काय माहीत तो कधी येतो. लेखी कळवल्यावरही उभे राहिले तर त्यांना उत्तर देणं जड जाईल.

आणि ह्या व्यवस्थेची माती कुठे होते माहितीये, सबचा एखादा हेल्पर घाईत कॉफी घेऊन दुसऱ्याच गेटने आत शिरतो. एवढ्याने गेट टेंटेड झालं, म्हणजे बाटलं, म्हणतात, मग युनियन त्या गेटवर पण उभी राहू शकते. गेटवर एक माणूस बसवा.

एवढं करूनही बाकीच्यांच्या गेटवर पिकेट आला तर बोर्डाच्या न्यूअर्कच्या ऑफिसात युनियनविरुद्ध चार्ज, म्हणजे तक्रार, टाकायचा, सहा महिन्यांच्या आत. अशा चार्जला तिथे प्रायॉरिटी असते आणि त्यांना तथ्य वाटलं तर बोर्डालाच फेडरल कोर्टात जाऊन मनाई मागावी लागते, तुम्ही स्वतः त्यासाठी फेडरल कोर्टात जाऊ शकत नाही. नुकसानभरपाईचा दावा मात्र तुमचा तुम्ही लावू शकता, मिळतं ते प्रत्यक्ष झालेलं नुकसान, दंड वगैरे नाही. त्यामुळे रोजची नोंद ठेवा, कुठला ट्रक किती वाजता परत गेला, ड्रायव्हर काय म्हणाला, त्याची पावती. फोटो पाटीचे आणि गेटचे काढा, लोकांच्या तोंडासमोर फोन धरू नका.

राहिलं सबला काढायचं. त्याचा करार जनरल कॉन्ट्रॅक्टरशी आहे, तुमच्याशी नाही, त्यामुळे तुम्ही फोन करून त्याला उद्यापासून येऊ नको म्हणालात तर तो पैशांसाठी दोघांच्याही मागे लागेल. आधी तो करार मला पाठवा, त्यात कामगारांच्या वादामुळे काम रखडलं तर काय करायचं याचं कलम असतं बहुतेक. तोवर कोणाला फोन नको.