माध्यमांवरच बातमी करणाऱ्या पत्रकारांसाठी वेगळे पुरस्कार कशाला?

पत्रकारांनी पत्रकारांवर लिहायचं आणि पत्रकारांनीच त्यांची पाठ थोपटायची, यात वाचकाचा काय फायदा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते फायदा वाचकाचाच आहे. आरोग्य खात्यातली भानगड बाहेर काढली तर संपादक खूश होतो. आपल्याच जाहिरात विभागातली काढली तर ती छापणार कोण? या एका विषयात पत्रकाराच्या पाठीशी सहसा कुणीच नसतं.

अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठाच्या न्यूहाउस स्कूलने २००६ साली मिरर अवॉर्ड्स सुरू केले, ते फक्त माध्यम उद्योगावरच्या वार्तांकनासाठी. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याआधीचं, डेव्हिड शॉ यांचं उदाहरण. ते लॉस एंजेलिस टाइम्समध्ये माध्यमांवरच लिहायचे. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीवर १९८३ मध्ये बाललैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. खटला वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी एकालाही शिक्षा झाली नाही. आरोप नीट तपासून न घेता माध्यमं कशी वाहवत गेली, हे शॉ यांनी लेखमालेत मांडलं आणि त्यात स्वतःच्या पेपरालाही सोडलं नाही. त्याबद्दल त्यांना १९९१ चं पुलित्झर, अमेरिकेतला पत्रकारितेचा सर्वात मानाचा पुरस्कार, मिळालं.

पुढे १९९९ मध्ये त्याच पेपराने स्टेपल्स सेंटर या नव्या क्रीडासंकुलावर मासिकाचा खास अंक काढला आणि नफ्यात त्याच संकुलाला वाटेकरी केलं. संपादकीय विभागाला याचा पत्ताच नव्हता. तीनशेहून अधिक जणांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. शॉ यांनी या व्यवहाराची सगळी हकिगत लिहिली आणि ती त्याच पेपराने १४ पानांत छापली. पुलित्झर मिळालेल्या माणसाला ‘हे आपल्याकडे नको’ असं सांगणं मालकालाही जड जात असणार.

आपल्याकडे २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मी एका जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो. उमेदवाराच्या ऑफिसातून टाइप केलेला मजकूर यायचा, त्याला जाहिरात विभागाची चिठ्ठी टाचलेली असायची: ‘पॅकेज. बदल करू नये.’ पॅकेज म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापायचा मजकूर, म्हणजेच पेड न्यूज. शुद्धलेखन तेवढं आम्ही सुधारायचो. तालुक्यातल्या वाचकाला ती बातमीच वाटायची, आणि त्याची ही फसवणूक आजही माझ्या मनातून जात नाही.

हे सगळं पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’ या इंग्रजी दैनिकात मांडलं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याचं कौतुक, तेही शब्दशः तेच, कसं छापून आलं, हे त्यांनी दाखवून दिलं. वृत्तपत्रांच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी पेपरांची नावं घेऊन ७१ पानी अहवाल दिला. कौन्सिलने त्याला कात्री लावून थोडक्यात अहवाल काढला. मूळ अहवाल अधिकृतपणे बाहेर यायला २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला.

६ जानेवारीला, पत्रकार दिनाला, आपल्याकडे गावोगावी पुरस्कार वाटले जातात. शोधवार्ता, ग्रामीण वार्ता, छायाचित्र, सगळ्यांना मिळतात. त्यात पेड न्यूज, मालकी आणि जाहिरातदारांचा दबाव यांवर लिहिणाऱ्यासाठी एक पुरस्कार हवा. निवड समितीत मालक आणि जाहिरातदार नकोत, निवृत्त संपादक आणि वाचक असावेत. रक्कम लहान असली तरी चालेल. पण पुरस्कार मिळालेला लेख पूर्ण वाचायला मिळाला पाहिजे, मूळ पेपराने तो छापायला नकार दिला असेल तरीही.