सी-चार्टचं नुसतं चित्र जपून काय उपयोग?

अहो, सी-चार्ट म्हणजे दर नमुन्यातले दोष मोजून ते ठरलेल्या वरच्या-खालच्या मर्यादांत आहेत का हे दाखवणारा आलेख. त्याचा पीएनजी काढून फोल्डरमध्ये टाकलात म्हणजे निकाल सेव्ह झाला असं नाही. चित्रातून कुणी मर्यादा परत वाचणार आहे का?

आर या सांख्यिकीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं क्यूसीसी (qcc) हे असे आलेख काढणारं पॅकेज वापरताय ना? मग फंक्शनचा निकाल आधी एका नावात साठवा. त्यात सेंटर (सरासरी), लिमिट्स (मर्यादा), स्टॅटिस्टिक्स (दर नमुन्याचे आकडे) सगळं वेगवेगळं मिळतं. हा अख्खा निकाल सेव्हआरडीएस (saveRDS) या आरच्या फंक्शनने फाइलमध्ये ठेवा आणि मर्यादांची सीएसव्ही वेगळी काढा.

त्याच पॅकेजमधला सर्किट बोर्डांचा डेटा घ्या. पहिले 26 नमुने, प्रत्येकी 100 बोर्ड, एकूण 516 दोष. सरासरी 19.85, तिचं वर्गमूळ 4.455, त्याची तिप्पट 13.36. म्हणून वरची मर्यादा 33.21, खालची 6.48. सहाव्या नमुन्यात 5 दोष आणि विसाव्यात 39, दोन्ही बाहेर. ते वगळले की सरासरी 19.67 होते. या सरासरीवरून मर्यादा पुन्हा काढून गोठवायच्या आणि पुढच्या महिन्याचे आकडे त्यांवरच तपासायचे. मी सुरुवातीला दर वेळी सगळा डेटा एकत्र करून मर्यादा नव्याने काढायचो. बिघाड वाढला की मर्यादाही पसरायची आणि चार्ट आपला शांत!

म्हणून कोणते नमुने वगळले आणि का, हेही त्याच फाइलशेजारी लिहा. कारण सापडलं नसेल तर वगळूच नका.

बोर्डांची संख्या दर नमुन्याला बदलत असेल तर यू-चार्ट, म्हणजे दर बोर्डामागच्या दोषांचा आलेख, लावा. तिथे प्रत्येक बिंदूची मर्यादा वेगळी असते, तेव्हा नमुन्याच्या आकाराचा रकाना विसरू नका.