लातूरच्या कॉलेज लॅबमधल्या कॅप्चर फाइलमधून (नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीची नोंद) प्रत्येक आयपी पत्ता एकदाच कसा काढायचा?

फाइल वायरशार्क या नेटवर्क तपासायच्या प्रोग्रॅममध्ये उघडून 'स्टॅटिस्टिक्स' मेनूतल्या 'एंडपॉइंट्स'मध्ये 'आयपीव्ही४' टॅब बघा. तिथं प्रत्येक पत्ता एकदाच येतो, आणि 'कॉपी'ने यादी सीएसव्हीत (स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या मजकुरात) मिळते. आयपीव्ही६चा (नव्या, लांब पत्त्यांचा) टॅब वेगळा आहे, तोही बघाच. फाइल फार मोठी असेल तर टीशार्क (वायरशार्कचीच कमांडवर चालणारी आवृत्ती) बरं: पाठवणारा आणि घेणारा, दोन्ही पत्ते एकाखाली एक काढा, आधी 'सॉर्ट' (ओळी क्रमाने लावणारी कमांड) आणि मगच 'युनिक' चालवा. 'युनिक' फक्त लागून आलेल्या सारख्या ओळी गाळते, त्यामुळे 'सॉर्ट' राहिलं की तेच पत्ते पुन्हा दिसतात. मात्र या आकड्यावरून लॅबमधले संगणक मोजू नका: २५५.२५५.२५५.२५५ सारखे ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवायचे) पत्तेही यादीत असतात, आणि कॅप्चर राउटरच्या बाहेरून घेतलं असेल तर नॅटमुळे (राउटर आतल्या पत्त्यांऐवजी स्वतःचा एकच पत्ता लावतो) अख्खी लॅब एकाच पत्त्यामागे जाते.