जंगलाकडेच्या शिवारात हरणांसाठी पाणवठा: खर्च थोडा, जागा नेमकी

उन्हाळ्याच्या तोंडावर शेतकऱ्यांचे तीन प्रश्न आले आहेत. जांबोटीकडच्या एका काजू बागायतदारांचा ओढा मार्चमध्येच आटतो आणि भेकरे, चितळे पाण्यासाठी घराजवळ येतात. त्यांच्यासाठी स्वस्तात पाण्याची सोय कशी करावी, असे ते विचारतात. बेकिनकेरे भागातून शंका आली आहे, की पाणी ठेवले तर हरणे पिकाला सोकावतील का? नंदगडच्या एका ताईंच्या शेततळ्यात चितळाची मादी बुडून मेली. पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय करावे, हे त्यांना हवे आहे.

आधी ताईंचे, कारण ते तातडीचे आहे. शेततळ्याच्या प्लास्टिकवर शेवाळ धरले की खुराला पकड मिळत नाही. जनावर पोहते, कडेला येते, घसरते आणि शेवटी दमून बुडते. लहान मुलांनाही हाच धोका आहे. तळ्याभोवती जाळीचे कुंपण हवेच. शिवाय समोरासमोरच्या दोन बाजूंना काथ्याचे जाळे किंवा एकमेकांना बांधलेले जुने टायर काठापासून तळापर्यंत सोडा. दोर काठाबाहेरच्या खुंटाला बांधा, प्लास्टिकला भोक पाडू नका. बिनकठड्याच्या विहिरीला कठडा बांधा. आणि कुंपणाबाहेर थोडे पाणी वेगळे ठेवा. तहानलेले जनावर कुंपण बघून माघारी जात नाही, ते फट शोधते.

आता पिकाचा प्रश्न. शंका रास्त आहे. ऊस किंवा भाजीपाल्याच्या बांधाला पाणी ठेवाल तर नुकसान ओढवून घ्याल. पीक पाणवठ्याच्या आणि जंगलाच्या मध्ये नको. पाणवठा तुमच्या मालकी जमिनीच्या जंगलाकडच्या टोकाला, पिकापासून जमेल तितका लांब हवा, म्हणजे जनावराला पाण्यासाठी शेत ओलांडावे लागणार नाही. रस्ता, पायवाट आणि कुत्र्यांचा वावर टाळा. एका बाजूला झाडी असावी, पण बाकीची बाजू मोकळी ठेवा. बिबट्या दबा धरून बसेल अशा दाट झुडपात हरीण पाण्याला तोंड लावायला बिचकते. तुमचे सगळे रान पिकाखाली असेल आणि अशी जागाच नसेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: पाणवठा करू नका.

बांधणीला मोठे यंत्र लागत नाही. तीन मीटर व्यासाचा, मधोमध 45 सेंटिमीटर खोल, ताटलीसारखा उथळ खळगा काढला की त्यात सुमारे 1,000 लिटर पाणी मावते. उतार सगळीकडून हलका ठेवा, म्हणजे पाडससुद्धा चालत आत जाईल आणि चालत बाहेर येईल. उभ्या कडांचा खड्डा कितीही खोल केला तरी तो पाणवठा नव्हे, सापळा आहे.

पाणी मुरू नये यासाठी भातशेतीतली आपली चिखलणीच कामाला येते. खानापूरच्या पश्चिमेकडच्या जांभ्या जमिनीत पाणी टिकत नाही. तिथे खळगा 15 सेंटिमीटर जास्त खोल काढा, गावतळ्यातली चिकणमाती आणून थर द्या, ओली करा आणि बैलांनी किंवा माणसांनी चांगली तुडवा. वरून बारीक मुरूम दाबा. बेळगावच्या पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत पाणी सहज धरते, पण एकदा सुकली की भेगा पडतात, म्हणून तो खळगा हंगामात कोरडा पडू देऊ नका. प्लास्टिक वापरायचेच असेल तर त्यावर निदान 15 सेंटिमीटर माती आणि गोटे हवेत. उघडे प्लास्टिक खुरांनी फाटते आणि पाय घसरतात.

इतकेही जमत नसेल तर तीन फूट व्यासाची, फूटभर उंचीची सिमेंटची एक रिंग जमिनीच्या पातळीपर्यंत पुरा आणि तळाला सिमेंटचा गिलावा करा. त्यात 190 लिटरच्या आसपास पाणी राहते. आत दगडांची उतरंड रचायला विसरू नका, नाहीतर खारी, सरडे, पाखरे बुडून मरतात आणि पाणी नासते.

भरण्याचा हिशेब मात्र आधी करा. एप्रिलच्या उन्हात पूर्ण भरलेल्या खळग्यातून दिवसाला 40 लिटरच्या आसपास पाणी नुसते वाफ होऊन जाते, जनावरे पितील ते वेगळे. पश्चिमेला जांभूळ, करंज यांची सावली असेल तर बरेच वाचते. फक्त झाड चार-पाच मीटर दूर असावे, पाला पाण्यात कुजायला नको. बोअर जवळ असेल तर जुन्या ठिबकची एक नळी तिथवर न्या, नाहीतर बॅरलने भरा. दुपारीच भरा. पहाटे आणि संध्याकाळी जनावरे येतात, आणि भीमगड अभयारण्याच्या बाजूला त्यांत गवे आणि अस्वलेही असतात. एकदा सुरू केले की मेअखेर मधेच बंद करू नका. जनावरे त्या पाण्याच्या भरवशावर तिथे थांबलेली असतात.

युरिया कालवलेल्या बॅरलने पाणी कधीही नेऊ नका. त्या पाण्याने गाय-बैल दगावतात, तशीच हरणेही. फवारणीचा पंप तिथे धुऊ नका. मिठाचे खडे ठेवू नका. त्यांनी गर्दी वाढते आणि शिकाऱ्यांना जागा कळते. गुरांना पाणी वेगळे पाजा, कारण लाळ्या-खुरकूत गुरांकडून हरणांना आणि हरणांकडून गुरांना लागू शकतो. लसीकरण चुकवू नका. रिंग आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, म्हणजे डासांच्या अळ्या राहत नाहीत.

राखीव जंगलात किंवा नाल्याच्या पात्रात परवानगीशिवाय कुदळही मारू नका. स्वतःच्या जमिनीत करत असाल तरी वनखात्याच्या रेंज ऑफिसला लेखी कळवा, म्हणजे तिथे गस्त ठेवता येईल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फासा लावणे, विष घालणे, आमिष दाखवणे हे सगळे शिकारीतच मोडते. तुमच्या पाणवठ्यावर फासा दिसला तर तो स्वतः न काढता त्यांना बोलवा. शेततळ्यासाठी सध्या काय मदत मिळते, ते कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारा.

मिरगाचा पाऊस लागून ओढे वाहू लागले की भरणे थांबवा, नळी काढून ठेवा आणि खळग्यातला गाळ काढून काजूच्या आळ्यात टाका.