वाचक विचारतात: अटलांटिक सिटीत कॅसिनो सोडून काय आहे?

प्रश्न: ताई, आम्ही दोघं साठी ओलांडलेले. मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते, जुलैत तिच्याकडे जातोय. जावयाने हौसेने दोन दिवस तिथल्याच समुद्रकिनाऱ्यावरच्या अटलांटिक सिटीचं बुकिंग करून ठेवलंय, पण ओळखीतले सगळे म्हणतात की ते जुगाराचं गाव, तुमचं तिथे काय काम. आम्हाला जुगारात काडीचाही रस नाही. बुकिंग रद्द करायला सांगू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, अजिबात रद्द करू नका. मीसुद्धा हेच ऐकून गेले होते आणि माझा पहिला अख्खा दिवस हॉटेलातच गेला, कारण ती कॅसिनो हॉटेलं बांधलेलीच अशी असतात की जेवण आत, दुकानं आत, शो आत, खेळायच्या हॉलला खिडक्याच नाहीत, त्यामुळे बाहेर सकाळ आहे की संध्याकाळ तेही कळत नाही. दुसऱ्या दिवशी जेटलॅगमुळे पहाटे चारला जाग आली म्हणून खाली उतरून बोर्डवॉकवर आले. बोर्डवॉक म्हणजे समुद्राच्या कडेने जाणारा लाकडी फळ्यांचा रुंद रस्ता. फळ्या रात्रीच्या ओलीने काळ्या पडलेल्या, माशाच्या काट्यासारख्या तिरक्या बसवलेल्या, पावलाखाली किंचित दबतात आणि टक टक आवाज येतो. दोन सफाई कामगार सोडले तर कोणी नव्हतं. आणि मग समोर पाण्यातून सूर्य वर आला. आपण अरबी समुद्राची माणसं हो, आपल्याला सूर्य समुद्रात बुडताना माहीत, समुद्रातून उगवताना मी पहिल्यांदा तिथे बघितला. तेवढ्यासाठी तरी जा.

आता गावाबद्दल, कारण ते माहीत असेल तर फिरताना जास्त मजा येते. हे गाव आधी होतं आणि मग तिथे पर्यटक आले असं झालेलंच नाही, हे पर्यटकांसाठीच बांधलं. ॲबसेकन नावाचं वाळूचं एक लांबट बेट, त्याच्या मागे दलदल, वस्ती फार थोडी. जोनाथन पिटनी नावाच्या डॉक्टरांच्या मनात आलं की इथल्या खाऱ्या हवेने माणसं बरी होतील, पण शहरातली माणसं इथे आणायची तर रेल्वे हवी. 1854 मध्ये फिलाडेल्फिया शहराच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठावरून, म्हणजे कॅमडेनहून रेल्वे आली आणि त्याच वर्षी हे शहर अधिकृतपणे स्थापन झालं. रस्त्यांची नावंही कागदावर एकदमच ठरली, समुद्राला समांतर रस्त्यांना समुद्रांची आणि महासागरांची नावं (पॅसिफिक, अटलांटिक, बाल्टिक) आणि आडव्या रस्त्यांना अमेरिकेतल्या राज्यांची.

बोर्डवॉकची गोष्ट मला फार आवडते. लोक बीचवरून उठायचे आणि तसेच वाळूने भरलेले पाय घेऊन हॉटेलात आणि ट्रेनमध्ये शिरायचे, गाद्या गालिचे सगळे वाळूने भरायचे. कंटाळून रेल्वेचा एक कंडक्टर, अलेक्झांडर बोर्डमन, आणि जेकब कीम नावाचा एक हॉटेलवाला नगरपालिकेकडे गेले की वाळूवरून चालायला काहीतरी फळ्या टाका. 1870 मध्ये तो पहिला रस्ता झाला, जेमतेम आठ फूट रुंद, आणि थंडीत तो काढून ठेवायचे. आज तो शहरात चार मैलांच्या आसपास आहे आणि पुढे शेजारच्या व्हेंटनॉरपर्यंत जातो.

चालताना मिसूरी ॲव्हेन्यूच्या समोरच्या बीचवर जरा थांबा. ही मोठमोठी हॉटेलं चालवणारे वेटर, स्वयंपाकी, खोल्या झाडणाऱ्या बायका बहुतेक कृष्णवर्णीय होत्या, आणि त्याच लोकांना पोहायला मात्र एवढाच तुकडा ठेवलेला होता. त्याला चिकन बोन बीच म्हणायचे. कित्येक दशकं हे चाललं. तिथून जवळच बोर्डवॉक हॉल आहे, 1929 चा, आणि 1964 मध्ये तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं तेव्हा मिसिसिपीहून आलेल्या फॅनी लू हेमर या शेतमजूर बाईंनी काळ्या माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवू देत नाहीत, मारहाण करतात, हे टीव्हीसमोर सगळ्या देशाला सांगितलं. ही दोन ठिकाणं एका फेरीत होतात आणि ती बघितल्याशिवाय हे गाव बघितलं असं मी म्हणणार नाही. हॉलमध्ये 33,000 हून जास्त नळ्यांचा जगातला सगळ्यात मोठा पाइप ऑर्गनही आहे, वादनाच्या वेळा जावयांना वेबसाइटवर बघून ठेवायला सांगा.

प्रश्न: एवढे कॅसिनो आहेत म्हणजे गाव श्रीमंत असायला हवं. मग माझा मित्र जाऊन आला तो म्हणतो की मागच्या गल्ल्या अगदी ओसाड आणि गरीब वाटतात. असं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: मित्राने बरोबर बघितलंय. ट्रेनने येणारी माणसं आठवडाभर, कधी कधी पूर्ण उन्हाळा राहायची. मग घरोघरी गाड्या आल्या, विमान स्वस्त झालं, लोक फ्लोरिडाला जायला लागले आणि इथली हॉटेलं रिकामी पडली. 1930 मध्ये इथे साधारण 66,000 लोक राहायचे, 2020 च्या जनगणनेत 38,497 उरले. त्यावर उपाय म्हणून 1976 मध्ये न्यू जर्सीच्या मतदारांनी फक्त या एका शहरात कॅसिनोला परवानगी दिली आणि 1978 च्या मे महिन्यात पहिला कॅसिनो उघडला. नेवाडाच्या (म्हणजे लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्याच्या) बाहेर देशातला पहिला कायदेशीर कॅसिनो, रांगा लागल्या होत्या म्हणे.

पैसा आला, नोकऱ्या आल्या, हे खोटं नाही. पण मी वर म्हटलं तसं, येणारा माणूस पार्किंगमधून थेट आत आणि आतून थेट घरी. कोपऱ्यावरच्या खानावळीत तो जेवणार कधी? ती छोटी दुकानं एकेक करत बंद झाली. इतकी मोठमोठी हॉटेलं असलेल्या या शहरात कित्येक वर्षं एक धड सुपरमार्केट नव्हतं, इथे राहणाऱ्या बाईला भाजी आणायला बस पकडून गावाबाहेर जावं लागायचं, याचं मला आजही फार वाईट वाटतं. पुढे शेजारच्या पेनसिल्व्हेनियातही कॅसिनो निघाले, मग एवढ्या लांब कशाला यायचं, आणि 2014 या एका वर्षात इथले चार कॅसिनो बंद पडून हजारो लोकांची नोकरी गेली. त्यातला एक नंतर नव्या नावाने उघडला. म्हणून माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की एक वेळचं जेवण तरी हॉटेलबाहेर, अटलांटिक ॲव्हेन्यूच्या बाजूला जाऊन घ्या. स्थानिक माणसाला त्याने खरंच फरक पडतो.

प्रश्न: आपण लहानपणी व्यापार खेळायचो त्याचं मूळ या गावात आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आपला व्यापार ज्या मोनोपॉलीवरून आला, तिच्या अमेरिकन पटावरची नावं इथलीच. 1935 मध्ये तो खेळ बाजारात आला. आपल्या पटावर मुंबई दिल्ली असतात ना, तसे त्यावर या गावातले रस्ते आहेत, आणि सगळ्यात महाग घर म्हणजे बोर्डवॉक. नातवंडं बरोबर असतील तर पटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि रस्त्यांच्या पाट्या शोधायला लावा, दोन तास कसे जातात कळत नाही.

प्रश्न: नातू सात वर्षांचा आहे, पाण्यात सोडावं का? आणि माझे गुडघे दुखतात, एवढं चालणं जमेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: काकू, इथला बीच फुकट आहे, न्यू जर्सीत बऱ्याच गावांत बीचवर जायला बॅज विकत घ्यावा लागतो, इथे नाही. पण लाटा जोरदार असतात आणि आत ओढणारे प्रवाहही असतात. लाइफगार्ड समोर बसलेला असेल तिथेच उतरा, तो घरी गेला की नातवालाही बाहेर काढा.

गुडघ्यांसाठी बोर्डवॉकवर वेताच्या चाकांच्या खुर्च्या मिळतात, दोघं बसतात आणि मागून माणूस ढकलतो. शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे. बसायच्या आधी भाडं विचारा आणि उतरताना टिप द्या, तो माणूस उन्हात मैलभर चालतो. ॲबसेकनचा दीपस्तंभ मात्र तुम्ही खालूनच बघा, 1857 चा आहे आणि वर जायला 228 पायऱ्या आहेत. नातवाला बाबांबरोबर वर पाठवा, वरून समुद्र एका बाजूला आणि दलदल दुसऱ्या बाजूला दिसते, आणि लांब पाच पवनचक्क्या फिरत असतात, त्या मोजायला सांगा.